आळणी पान

सगुणाबाईंच्या घरून कुणी उपाशी परत गेलं, असं बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्या गल्लीत कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पोस्टमनच्या हातावरसुद्धा काहीतरी पडायचं. भाजीवाली टोपली उतरवायची ती निम्मी विकायला आणि निम्मी ताकाच्या आशेनं. पण पाहुणा निघाला, उंबऱ्याबाहेर पाय टाकून ‘बरंय, येतो’ म्हणाला, की बाई गप्प. आपल्यात अशा वेळी ‘या’ म्हणतात, दाराशी उभं राहून म्हणतात. सगुणाबाई मात्र पदर सावरत आत जायच्या आणि भांड्यांचा आवाज करायच्या. नवीन माणसाला वाटायचं, काय घुमी बाई आहे! जेवू घालते आणि निरोप द्यायला तोंड उघडत नाही. पुष्कळ जण रुसले. रुसोत बापडे! त्या एका अक्षरानं या घरात काय केलं होतं, ते त्यांना कुठं ठाऊक होतं?

बाई मूळच्या निपाणीकडच्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सासू नव्हती. होता तो सात वर्षांचा दीर, गुंडो. रीतीप्रमाणे त्याला भावजी म्हणायला हवं, पण ज्याचं नाक आपण पुसायचं त्याला भावजी कसलं म्हणणार! ती त्याला गुंडोच म्हणायची आणि तो तिला वैनी. पहिला घास भरवला तो त्याला, पहिलं बोट भाजलं ते त्याच्या धिरड्यापायी. पुढं नवऱ्याला, नरसिंहरावांना, बंगळूरला सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी लागली तेव्हा बिऱ्हाडाबरोबर गुंडोही आला. बऱ्याच वर्षांनी प्रतिमा झाली. पण कुणी ‘मुलं किती?’ विचारलं की सगुणाच्या तोंडातून ‘दोन’ असंच निघायचं.

गुंडो मोठा झाला आणि जवळच्याच मोटारदुरुस्तीच्या शेडमध्ये लागला. बाराचा भोंगा झाला की जेवायला घरी. मागच्या अंगणात सायकलची घंटी दोनदा वाजवायची आणि दारातूनच ओरडायचं, “ऊटा आयता, वैनी?” जेवण झालं का, असं विचारायची ही बंगळूरची पद्धत त्याला भारी आवडायची. “मेल्या, उपाशी तू आणि मलाच विचारतोस!” ती म्हणायची, रोज म्हणायची. तो पाटावर बसायचा, प्रतिमाला मांडीवर घ्यायचा, भाकरी हाणायचा, ताक प्यायचा. मग चप्पल पायात सरकवत, “येतो, वैनी.” आणि तव्यावरची नजर न काढता ती, “ये.”

सत्तावन्नच्या जानेवारीतली गोष्ट. अवरेकाईचे दिवस होते. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच की, पण आपल्याकडं जे कौतुक आंब्याचं, ते बंगळुरात या शेंगांचं. दाणे भिजत घालायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा. बोटं दुखून येतात, पण त्या सोललेल्या दाण्यांची उसळ केली की घरभर वास. रविवार होता. गुंडो मित्रांबरोबर हेब्बाळच्या तळ्यावर पोहायला निघाला. जाताना म्हणाला, “वैनी, आज अवरेकाई कर. सोललेली हं! जेवायला येतोच.”

“ये,” ती म्हणाली. “पान वाढून ठेवते.”

पान वाढलेलं तसंच राहिलं. पाणवेलीत पाय अडकला, असं मित्रांनी सांगितलं. त्यांनीच सायकल आणून मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. उसळ दुसऱ्या दिवशी आंबली, ती शेजारच्या गंगव्वानं न विचारता उचलून नेऊन टाकली. दिवसकार्य सगळं यथासांग झालं. नरसिंहराव आठवडाभर भिंतीकडं बघत बसले आणि मग कामावर जाऊ लागले. पुरुषाला जायला कारखाना असतो. सगुणाला तेच घर, तीच चूल आणि रोजचा बाराचा भोंगा.

शिवरात्र होऊन गेली होती. एका दुपारी भोंगा झाला आणि तिच्या हातानं, हो, हातानंच, मनाला न विचारता, तिसरं पान घेतलं. तिनं आमटीभात वाढला, भाजी वाढली आणि मान न वळवता हाक मारली, “गुंडो, ये रे, पान वाढलंय.”

मग आपलीच हाक तिच्या कानावर आली. 

मागच्या अंगणात सायकलची घंटी वाजली. दोनदा.

ती धावत मागं गेली. सायकल भिंतीशी होती तशी होती. चाकातली हवा गेलेली, आणि हँडलपासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं. जाळं कुठं फाटलेलं नव्हतं. ती परत आली तर गुंडोचा पाट ओला होता. नुकतं न्हाऊन आलेलं माणूस बसावं तसा, आणि शेवाळाचा वास.

भीती वाटली का? छे! खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. ती तिथंच पानासमोर बसली. पंख्यानं माशा वारत राहिली. पानातलं शीत हललं नाही. बऱ्याच वेळानं मागच्या दाराचा पडदा हलला. ‘येतो, वैनी’ असं कुणी म्हणालं की तिला नुसतं वाटलं, देव जाणे, पण तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “ये.”

अन्न टाकायचं कसं, म्हणून ते पान तिनंच खाल्लं. एका कणात मीठ नव्हतं. पातेल्यातल्या आमटीला मीठ होतं, तिनं बोट लावून पाहिलं. पानातली तेवढी आळणी. नैवेद्याचं पान देवानं चाखलं म्हणतात तेव्हा कुणाला काही कळत नाही. इथं तिला जिभेवर कळलं. लेकरू जेवून गेलं होतं.

मग रोज भोंगा, रोज पान, रोज ती घंटी. सगुणा पुन्हा गुणगुणायला लागली. नरसिंहरावांना वाटलं, चला, सावरली. तिनं त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते डॉक्टरकडं घेऊन गेले असते, आणि डॉक्टरनं गुंडोला येऊ दिलं नसतं.

पाऊसकाळ सरता सरता आळणीपणा पानातून पातेल्यात उतरला. नरसिंहराव एकदा घास तोंडात धरून म्हणाले, “काय गं, मिठाचा सत्याग्रह चाललाय का?” ती चिमूट वाढवायची, मग मूठ वाढवायला लागली. उपयोग शून्य. त्यांच्या डब्यातली भाजी कारखान्यातली माणसं एकदा चाखून पुन्हा मागेनाशी झाली. दसऱ्यापर्यंत बरणीतलं लिंबाचं लोणचंसुद्धा नुसतं आंबट लागायला लागलं. घरात आलेलं मीठच मुकं झालं म्हणा ना.

मोठी माणसं काय, गिळतात. प्रतिमा पाच वर्षांची. भाकरीवर लोण्याचा गोळा घेऊन अंगणभर नाचणारी पोर, ती पान पुढं सारायला लागली. “चव नाही गं, आई.” गालावरचं तेज गेलं, हाताच्या काड्या झाल्या. डॉक्टरांनी जंत म्हटलं, लाल टॉनिक दिलं. गंगव्वाकडं सारूभात, म्हणजे आपला सारभात, दिला तर चार घास जायचे, पण घरी आली की पुन्हा तोंड मिटलेलं.  मनातल्या मनात सगुणाला कळत होतं, पण कळूनही ती रोज तिसरं पान घेतच होती. सोडवेना. काय करेल बिचारी!

वर्ष फिरून आलं, बाजारात अवरेकाईचे ढीग लागले. एका दुपारी सगुणा चुलीपाशी भाकरी थापत होती आणि बाहेर प्रतिमा खुदखुदून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. सगुणानं डोकावून पाहिलं. पोर गुंडोच्या पाटासमोर बसली होती, मान वर करून.

“कुणाशी बोलतेस गं?”

“गुंडोकाकाशी. काका म्हणतो, हेब्बाळला येतेस का?”

सगुणाच्या हातातलं पीठ गळून पडलं. “मग तू काय म्हणालीस?”

“येते म्हटलं.”

तिच्या झग्याची कड ओलीचिंब होती.

सगुणानं पोरीला कडेवर घेतलं आणि पीठभरल्या हातानं गंगव्वाचं दार गाठलं. गंगव्वा धारवाडकडची, एकटी, वयानं मोठी. मराठी बोलायची पण तिच्या कानडी चालीनं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा कानाला हात लावले, एवढंच. मग म्हणाली, “सगुणक्का, ते पोरगं जाताना तू काय म्हणतीस त्याला?”

“काय म्हणणार? ‘ये’ म्हणते.”

“अय्यो शिवने! रोज तू ये म्हणतीस, तर येतंय की ते! त्याचं काय चुकलं?”

सगुणानं पोरीला आणखी घट्ट धरलं.

“आमच्यातबी ‘होगि बा’ म्हणतेत, जाऊन ये. पण ते जित्या माणसाला गं. त्याला ‘जा’ म्हण.”

“‘जा’ कसं म्हणू, गंगव्वा? उभ्या जन्मात कुणाला म्हटलं नाही. दारावरच्या कुत्र्यालासुद्धा नाही. आणि गुंडोला?”

गंगव्वानं नुसतं प्रतिमाच्या काडीसारख्या हाताकडं बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी नरसिंहराव कामावर गेले तशी सगुणानं प्रतिमाला गंगव्वाकडं ठेवलं. बाजारातून अवरेकाई आणली. त्या रविवारनंतर तिनं या शेंगांना हात लावला नव्हता. आज तिनं दाणे भिजवले, एकेक दाणा सोलला. ओलं खोबरं घातलं, मिरची घातली, आणि मीठ घातलं ते नेहमीच्या सवयीनं मूठभर. मनाशी ठरवलं होतं: मागितलं होतं ते खाऊ घालायचं, पोट भरू द्यायचं आणि मग म्हणायचं. उपाशी नाही पाठवायचं.

भोंगा झाला. तिनं पान वाढलं. “गुंडो, ये रे. तुझी अवरेकाई केलीय.”

घंटी दोनदा वाजली. पाट ओला झाला. शेवाळाचा वास इतका दाटला की तिला श्वास घेववेना. तिनं पंखा हातात घेतला. “बस बाळा. सावकाश जेव. सोललेली आहे.”

तेवढ्यात मागच्या अंगणात सायकलची साखळी खुळखुळली.

तिनं वळून पाहिलं. मागच्या दारात प्रतिमा उभी होती. गंगव्वाचा डोळा चुकवून आली असावी. पायात चपला, अंगात दिवाळीचा झगा. तिचा एक हात वर, हवेत होता आणि बोटं मिटलेली, कुणाचा तरी हात धरावा तशी. त्या मुठीतून पाणी ठिबकत होतं.

“आई, मी काकाबरोबर जाते. येते हं.”

आणि पोर उभी राहिली. आईनं ‘ये’ म्हटल्याशिवाय ती घरातून बाहेर पडत नसे. ते वळण सगुणानंच लावलेलं. आता ती आईच्या तोंडाकडं बघत होती, ते एक अक्षर ऐकायला थांबली होती. आणि सगुणाच्या जिभेवर ते आलंही होतं, जन्माच्या सवयीनं, ओठापर्यंत. तिनं जीभ चावली. तोंडात रक्ताची चव आली. कितीतरी महिन्यांनी तिला खारट चव लागली.

“गुंडो,” ती म्हणाली, “तू जा.”

सगळं गप्प झालं. गल्लीतला कावळासुद्धा.

“जा. येऊ नकोस. तिचा हात सोड आणि जा.”

आणि मग तिला ऐकू आलं. वाटलं नाही, ऐकू आलं. जवान गड्याचा आवाज नव्हता तो. सात वर्षांच्या पोराचा होता, नुकती आई गेलेल्या.

“वैनी?”

सगुणाचं काळीज फाटलं. हातातला पंखा चुरगळला तरी ती जागची हलली नाही. “जा रे माझ्या राजा,” ती ओक्साबोक्शी रडत म्हणाली, “जा.”

प्रतिमाची मूठ उघडली. हात खाली आला. अंगणात काहीतरी सरकलं आणि घंटी वाजली, एकदाच, गल्लीच्या टोकाशी. ‘येतो’ असं कुणी म्हणालं नाही.

सायकल भिंतीशीच होती. हँडलवरचं जाळं मात्र फाटून लोंबत होतं.

“आई, भूक लागली,” प्रतिमा म्हणाली.

सगुणानं डोळे पुसले, पोरीला चुलीपाशी घेतलं आणि पातेल्यातली उसळ भाकरीबरोबर वाढली. पोरीनं मोठा घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. “ई! खारट! केवढं मीठ घातलंस गं!” असं म्हणत पाणी प्यायली आणि पुन्हा घास घेतला. सगुणा हसत होती, रडत होती, पोरीच्या पाठीवरून हात फिरवत होती. खारट म्हणाली, माझी बाय ती, खारट म्हणाली!

पोर खाऊन तिथंच झोपली तेव्हा सगुणा गुंडोचं पान उचलायला गेली. पाट कोरडा होता. अन्न टाकायचं नाही, या सवयीनं तिनं पानातला एक दाणा उचलून जिभेवर ठेवला.

खारट होता. कडूजहर खारट. पानातल्या एका शितालाही कुणी तोंड लावलेलं नव्हतं.

ती पान पुढ्यात घेऊन खाली बसली. त्या घरून उपाशी गेलेला माणूस तो एकच.