काचेवर ठेवलेला वनपट्टा

बोईसरला आमचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. जुनं मशीन बंद पडलं तेव्हा नवरा म्हणाला, "नुसता स्कॅनर घेऊ. गठ्ठा लावला की कागद भराभर आत जातात." मला प्रिंट, झेरॉक्स आणि स्कॅन एकातच करणारा प्रिंटर हवा होता. आमचं काही ठरेना, म्हणून विक्रेत्याने दोन्ही मशीनं दुकानात आणून मांडली.

तेवढ्यात मासवणकडची एक बाई आली. प्लास्टिकच्या पिशवीत फडकं, फडक्यात वनपट्टा. वनजमिनीच्या ज्या तुकड्यावर ती नाचणी पिकवते, तो तिचा असल्याचा तेवढा एकच कागद. घड्यांवर झिजून अगदी मऊ पडला होता. तिला तो एका अर्जाला जोडायचा होता.

"द्या, आत्ता दाखवतो," म्हणत विक्रेत्याने कागद घेतला आणि स्कॅनरच्या तोंडाशी लावला. मी "थांबा" म्हणेपर्यंत अर्धा आत गेला होता. कर्रकन आवाज झाला आणि मशीन थांबलं.

बाई टेबलापाशी सरकली. "फाटला काय गं बाय? दुसरा नाय माज्याकडं."

विक्रेत्याने कागदाचं टोक धरलं. मी ओरडलेच, "ओढू नका!" त्याने झाकण उघडलं. आत कागद पंख्यासारखा दुमडून रुळांमध्ये अडकला होता. रूळ हाताने उलटे फिरवत मी कागद जरा जरा करून मागे घेतला. घडीवर चीर वाढत होती, ती दिसत होती, आणि थांबताही येत नव्हतं.

निघाला. एक घडी काठापासून उसवली होती, पण सही आणि शिक्का शाबूत होते.

प्रिंटरची काच पुसून मी पट्टा त्या काचेवर पसरला. झाकण टेकवताना बाईने माझं मनगट धरलं. "ह्यो बी खाईल काय?"

"नाही मावशी. कागद इथेच पडून राहतो, नुसता प्रकाश फिरतो."

तिने मनगट सोडलं नाही. प्रकाश सरकून गेला, पडद्यावर पट्टा उमटला, तेव्हा कुठे तिची पकड सुटली. मी लगेच दोन प्रती काढून दिल्या. मूळ कागद तिने पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि छातीशी धरून ती स्टँडकडे गेली.

स्कॅनर मी त्याच दुपारी परत पाठवला. नवऱ्याला कारण सांगितलं आणि प्रिंटर ठेवून घेतला.