पंखा बंद, कुकर बंद, मशीन बंद

“माझी मशीन तुमच्या गिटारात शिरतेच कशी? पाय फुटलेत का तिला?”

“मशीन नाय, आवाज शिरतो! रेकॉर्डिंग म्हणजे काय पापड लाटणं वाटलं का तुला? सुई पडली तरी ऐकू येती त्यात.”

“सुई पाडून माझं पोट भरत नाय, चालवून भरतं. आणि ती चालवू देईनात तुम्ही.”

“हळू बोल.”

“आत्ता कुठं वाजवायलेत तुम्ही?”

“नाय वाजवत. पण सवय राहावी.”

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं पहिल्यांदाच संध्याला गप्प केलं होतं, आणि तेही इतक्या बिनडोक वाक्यानं.

आंबेडकर जयंती तोंडावर आली होती. मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीत बायकांना पांढऱ्या साडीवर पांढरा ब्लाउज हवा होता, आणि तो संध्याच्या हातचाच हवा होता. निदान अजून तरी. कारण कोपऱ्यावर प्रेरणा नावाच्या एका चटपटीत पोरीनं ‘डिझायनर बुटीक’ अशी पाटी लावली होती, आणि ती दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या पाठी नजरेनंच मोजायची. जयंतीचा ब्लाउज जयंतीनंतर दिला, तर त्या बाईनं त्याची काय उशीची खोळ करायची? एकदा प्रेरणाची पायरी चढलेलं गिऱ्हाईक परत आपल्या दारात येणार नाही, हे संध्या ओळखून होती. कापड कापून मशीनशेजारी पडलं होतं. मशीन पायाची, सासूकडून आलेली, चालली की मालगाडीसारखी खडखडणारी. ती बंद होती, कारण कोपऱ्यात नवरा कलाकार झाला होता.

तसा राजकुमार कलाकार आधीपासूनचाच. फुलंब्रीत लहान असताना जयंतीच्या कार्यक्रमाला आलेल्या गायन पार्टीत त्यानं काळा चष्मा लावलेला गिटारवाला पाहिला, आणि गाणारा, पेटीवाला, ढोलकीवाला सगळे सोडून त्याच माणसावर जीव टाकला. पुढं वाळूजच्या कंपनीत लागल्यावर त्यानं बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राची लाल इलेक्ट्रिक गिटार उचलली. रंग उडालेला, एक बटण हरवलेलं. त्या जागी टूथपेस्टचं झाकण बसवलं. शिफ्ट सुटली की एका गायन पार्टीसोबत पार देवगाव रंगारीपर्यंत लग्नांत वाजवून यायचा. अशाच एका लग्नात संध्या आपल्या वाजवण्यावर भाळली, असं तो सांगतो. ती म्हणते, “मी बुंदीच्या रांगेत होते. मला गिटार दिसलीच नाय.”

मग कीबोर्डात गिटारचं बटण आलं. पार्टीच्या मालकानं राजकुमारच्या खांद्यावर हात ठेवला. “एका बोटात भागायलंय भाऊ. गाडीत दुसरा माणूस काऊन कोंबायचा?” त्या दिवशी गिटार संध्याच्या जुन्या साडीत गुंडाळून पलंगाखाली गेली.

यंदा गल्लीतल्या जयंती मंडळाच्या बद्रीनाथनं स्वतःचं गाणं केलं. यमक जुळेना तिथं त्यानं ‘हो जी’ घातलं होतं. तो म्हणाला, “राजूभाऊ, सुरुवातीचा तुकडा तुमच्याच गिटारचा पाहिजे. घरी कॉम्प्युटरवर घ्या अन् पाठवून द्या.” राजकुमार घरी आला तो बोटभर उंच होऊनच.

लेक मोनिका नर्सिंगला गेल्यापासून तिच्या कॉम्प्युटरवर रुमाल पडला होता. तो निघाला. लाल दिव्याची एक डबी आली. गिटारची वायर डबीत, डबीची वायर कॉम्प्युटरात आणि हेडफोन राजकुमारच्या कानावर. शिकवायला व्हिडिओतला एक दाढीवाला मास्तर. मास्तर म्हणाला, पंखा बंद करा, कुकर लावू नका, घरच्यांना गप्प बसवा. शेवटची सूचना राजकुमारला फारच पटली.

गंमत अशी, की गिटारला स्पीकर नव्हता. तिची सगळी गर्जना कॉम्प्युटरात तयार होऊन थेट त्याच्या कानात जायची. तो ऐकायचा ढगफुटी. घराला ऐकू यायचं नुसतं टुक-टुक, जसा काही उंदीर बिस्किटचा पुडा कुरतडतोय. एवढ्यासाठी ऐन एप्रिलात पंखा बंद! बनियन भिजेपर्यंत डोळे मिटून तो मान हलवायचा, आणि तुकडा वर चढून खाली उतरतो त्या जागी आला की हात आपटायचा. “गेला! टेक गेला! कोण खोकलं?” कधी खोकला, कधी कुकर, कधी भंगारवाला. गुन्हेगार रोज नवा. जागा मात्र तीच.

तर भांडण त्या ‘सवय राहावी’पाशी अडलं आणि राजकुमारनं पुन्हा हेडफोन चढवले. तेवढ्यात ब्लाउज न्यायला आलेली चंपाबाई दारात उभी राहिली.

“संध्या, झाला का गं माझा?”

“श्श!” कोपऱ्यातून आलं.

“कोण आजारी हाय का?” चंपाबाई कुजबुजली.

“नाय मावशी. गिटार वाजवायलेत.”

चंपाबाईनं कान दिला. टुक-टुक. “कुठं?”

“त्यांच्या कानात.”

दुखवट्याला आल्यासारखं चंपाबाईनं तिच्याकडं पाहिलं. “बरं बाई. माझं कापड दे. ती प्रेरणा सांजच्याला देते म्हणली.”

“मावशी, उद्या नक्की...”

“परवाबी उद्याच म्हणलीस.”

संध्यानं कोपऱ्याकडं पाहिलं. कापडाकडं पाहिलं. मग स्टूल ओढलं.

“कापड कुठं न्यायचं नाय. दिवे लागायच्या आत घरी आणून देते. बसा तुम्ही.”

आणि तिनं पाय दाबला. खड-खड-खड-खड! फरशी हादरली. राजकुमारचा तुकडा नुकताच वर चढायला लागला होता. त्यानं एक डोळा उघडला.

“वाजवा!” संध्या मशीनवरून ओरडली. “बघते आज कोण थांबवतं मला!”

“चालव पोरी, चालव!” चंपाबाईलाही चेव आला.

“गेला!” राजकुमारनं हेडफोन फेकले. “गेला टेक! मावशी, तुम्हीच साक्षीदार. ऐका आता हिची खडखड.” त्यानं हेडफोनची वायर उपटली आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरवर आवाज पूर्ण चढवून नुकतंच घेतलेलं लावलं.

खोलीभर गिटार पसरली. जाडजूड, झणझणीत. संध्यानं ती कित्येक वर्षांत अशी ऐकली नव्हती. सूर वर चढला, ऐटीत उतरायला लागला आणि त्या जागी बोट घसरलं. टँय.

बाकी काही नाही.

“माझा आवाज कुठाय?” चंपाबाई नाराज झाली. “मी तर लई ओरडले.”

राजकुमारनं पुन्हा लावलं. स्पीकरला कान चिकटवला. गिटार, गिटार, टँय.

संध्या उठली. गिटारपासून वायर धरत डबीपर्यंत आली, डबीपासून कॉम्प्युटरपर्यंत. “ह्यात माइक कुठाय?”

“माइक नाय. वायरनंच जातंय सगळं.”

“मग घरातलं ऐकतं कोण?”

“अगं पण तो मास्तर...”

“मास्तर काय वाजवत होता?”

राजकुमारनं टूथपेस्टचं झाकण उगाच फिरवलं. “गात होता,” तो म्हणाला. “माइकवर.”

“म्हणजे कुकर?”

“नाय येत.”

“खोकला? भंगारवाला?”

“नाय.”

“मग रोज टेक कोण घालवायलं व्हतं?” चंपाबाईनं निरागसपणे विचारलं, आणि हसू तोंडात मावेना म्हणून पदर लावून घरी निघाली.

संध्यानं पंखा पाचवर केला. कुकर लावला. मशीन सुरू केली. घराचं एकदम लग्नघर झालं. त्या गोंधळात राजकुमार वाजवत राहिला. आता ना कुणावर खेकसता येत होतं, ना थांबता. वाऱ्याखाली बसूनही त्याला पहिल्यापेक्षा जास्त घाम फुटला होता. पुन्हा. पुन्हा. शिट्ट्या झाल्या, भात झाला, बाह्या लागल्या, हुका लागल्या.

शेवटी त्यानं परत स्पीकर लावला. सूर वर चढला, खाली आला, त्या जागी जरासा डगमगला, पण पडला नाही. पुढं गेला आणि संपला.

राजकुमार खुर्चीसकट तिच्याकडं वळला. “संध्या, खरं सांग. पाठवू का बद्रीनाथला? तू म्हणशील तसं.”

संध्यानं दातानं दोरा तोडला. ब्लाउजची घडी केली, पिशवीत टाकली. बाहेर अजून उजेड होता. तिनं चपला सरकवल्या आणि तोच तुकडा गुणगुणत ती चंपाबाईच्या घराकडं चालायला लागली.