पायात धरलेली वही

मुरबाडच्या बाजारात वाळू चपला शिवायचा. बाप शिवायचा, आजाही शिवायचा. पण मास्तर व्हायचं खूळ घरात एकट्या वाळूचंच. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, मन मात्र फळ्यासमोर बसून राहिलं. चपलेचा अंगठा शिवून होईपर्यंत गिऱ्हाईक थांबलं, की टाका कसा घालतात ते वाळू त्याला समजावून सांगे. गिऱ्हाईक जांभया देई. वाळूला त्याचं वाईट वाटत नसे. वर्गात निम्मी पोरं जांभया देतातच.

नव्वदनंतर प्लॅस्टिकच्या चपला आल्या आणि धंदा बसला. शेजारच्या गाळ्यात नथू म्हातारा कचेऱ्यांची रजिस्टरं बांधायचा. रिकामा बसून बसून वाळू ती बांधणी शिकला आणि उरलेलं चामडं चढवून वह्या करू लागला. त्या वह्या शहापूरच्या एका प्रदर्शनात दिपालीताईंनी पाहिल्या. ताई बचतगटांचं काम बघायच्या.

"नवशिक्या बायांना शिकवाल का? किन्हवलीला, पाच दिवस," त्यांनी विचारलं. "पाचव्या दिवशी मी येईन. वह्या चांगल्या झाल्या, बाया टिकल्या, तर पुढं शहापूर-वाशिंदलाही तुमचेच वर्ग लावू. नाही तर कल्याणहून दुसरं कुणी बघावं लागेल."

साल २००४. भाताची झोडणी उरकून बाया मोकळ्या झाल्या होत्या. वाळू इस्त्रीचा सदरा घालून एसटीने किन्हवलीला उतरला. खिशात स्वतःचा खडू होता.

पहिला दिवस झकास गेला. गटाच्या खोलीत आठ बाया जमल्या होत्या. त्यांनी कागद दुमडले, जुडगी केली, आरीने भोकं पाडली. फक्त हाक मारताना "ओ चप्पलवाले" म्हणत होत्या. वाळूने ते मनाला लावून घेतलं नाही, पण ऐकू मात्र दरवेळी गेलं.

दुसऱ्या दिवशी शिवण. वाळूने सतरंजीवर बैठक मारली, जुडगी एकावर एक रचून दोन्ही तळपायांत घट्ट धरली आणि मोकळ्या हातांनी मेणाचा दोरा ओढायला लागला. तीस वर्षं तो असंच काम करत आला होता. गटाच्या अध्यक्ष कमळवयनी ताडकन उठल्या. वयनींचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे.

"पुस्तकाला पाय लावता? सरस्वती हाय ती!"

"वयनी, कोरी वही हाय. एक अक्षर नाय तिच्यात."

"मूर्तीचे डोळे काढायचे रायले, म्हणून तिला लाथ मारता काय?"

पाड्यावरून येणारी लहानी नावाची बाई हळूच म्हणाली, "आपणपण विळीवर पाय ठेवूनच चिरतो ना गो?"

"विळीच्या पाटावर ठेवतो. वांग्यावर नाय!"

बाया हसल्या, आणि हसत हसत निघूनही गेल्या. मागे राहिली एकटी लहानी. वाळूला रडू यायचंच बाकी होतं. ज्या पायांना त्याने जन्मभर हातांच्या जोडीला राबवलं, त्यांचीच आज त्याला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी तो नथूचा वही आवळून धरायचा लाकडी शिकंजा मांडीवर घेऊन एसटीने आला. "आता पाय नाय लावणार," असा निरोप लहानीकरवी धाडला, तेव्हा बाया परत आल्या. पण शिकंजा एक, बाया आठ. मग कुणी वही मांडीत धरली, कुणी काखेत. संध्याकाळी आठही वह्या शिवून झाल्या आणि आठहीची पानं म्हाताऱ्याच्या दातांसारखी हलत होती. असल्या वह्या ताईंना काय दाखवायच्या? परवा ताई आल्या की आपली मास्तरकी संपणार, हे वाळूने ओळखलं.

चौथ्या दिवशी कमळवयनी सगळ्यांच्या आधी आल्या. त्यांनी आपली वही पुढे टाकली.

"काल घरी दार लावून बसले. सगळी उसवली. वहीला हात जोडले नि पायात धरून परत शिवली. बघा."

वाळूने वही उघडली, हलवली, उलटी धरून झटकली. एक पान हललं नाही. वयनींनी मग कापडात गुंडाळलेली पोथी काढली. सासऱ्यांची, कसरीने कुरतडलेली, सगळी पानं सुटलेली.

"ही बांधून द्या. चामडं नको, कापड लावा. पण टाका तसाच घट्ट पायजे."

बाकीच्या बाया जमल्या. वाळूने पानं सारखी केली, फाटक्या कडांना खळ लावली, भोकं पाडली. आणि शिवायला बसला तर पाय उचलेना! त्याने पोथी गुडघ्यांत धरून पाहिली, कोपरांत धरून पाहिली, थोडा वेळ हनुवटीखालीसुद्धा धरली. बायांनी तोंडाला पदर लावले.

"वयनी, माझ्याच्यानं नाय व्हायचं," तो म्हणाला. "कोऱ्या वहीचं वेगळं."

वयनी बाहेर गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. याच गावात वाळू किती वर्षं दुरुस्त केलेल्या चपला पोचवत होता. अंगणातूनच द्यायच्या आणि अंगणातूनच परतायचं.

"पाय पुढं करा."

"अवो वयनी, मी धुतो ना, द्या इकडं..."

"बसा. मास्तर दारी आला नि पायाला पाणी नाय दिलं, तर लोक आमच्या गावाला काय म्हणतील?"

त्यांनी उंबऱ्याशी त्याच्या पायांवर पाणी घातलं, पुसायला पंचा दिला, वर दटावलंही, "नीट पुसा, पानं भिजतील." वाळूने पायाआधी डोळे पुसले. इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता, आणि तो कुठे लपवावा ते त्याला कळेना. पोथीला हात जोडून त्याने ती तळपायांत धरली. दोरा ओढला आणि पहिला टाका घट्ट बसला.

"बघा गो," तो म्हणाला, "दोरा असा मागनं घ्यायचा..."

"हळू घ्या ना, मास्तर," लहानी ओरडली. "मागच्यांना दिसत नाय."