काळ्या तळव्यांचा पेशंट

आमच्या बाबांचा कुत्र्याशी काही संबंध नव्हता. हे ते स्वतःच सांगायचे, दिवसातून दोनदा तरी. मी पहिलीत असताना हट्ट करून त्याला आणलं होतं, पोळी त्याला आई घालायची, आणि तो झोपायचा मात्र बाबांच्या खाटेखाली. त्याला नाव ठेवायलाही बाबांची बंदी होती. नाव ठेवलं की माणूस गुंततो म्हणे. म्हणून तो आमच्या घरात सात-आठ वर्षं नुसता 'कुत्रा' राहिला.

मी नववीची परीक्षा दिली त्या मे महिन्यात त्याला ऊन लागलं. भर दुपारी फाटकाशी बसून सायकलवाल्यांवर भुंकायची त्याची जुनी खोड. त्या दिवशी भुंकता भुंकताच तो आडवा झाला. नागपुरात उन्हाचं औषध ठरलेलं असतं. कैरीचं पन्हं पाजायचं, जवळ कांदा ठेवायचा आणि तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासायचं. घासता घासता तळवा काळा पडतो. ती अंगातली उष्णता. काळं यायचं थांबलं की उष्णता उतरली, वाटी धुऊन ठेवायची. माणसांच्या बाबतीत हे शास्त्र चोख आहे. कुत्र्याचे तळवे मात्र जन्माचेच काळे. आई अर्धा तास घासून घामाघूम झाली आणि मला म्हणाली, "थांबू केव्हा वं? उतरली का नाही उतरली, काही समजूनच नाही राहिलं."

बाबा कचेरीतून आले आणि भडकले. "कुत्र्याले तूप? इथं माणसाले भेटत नाही!" झालं, वाटी फळीवर गेली. विषय संपला, असं निदान मला वाटलं.

पण कुत्रा काही सुधारेना. पोळी हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. पोट पार बिघडलं होतं. सहाव्या दिवशी बाबांनी जनावरांच्या डॉक्टरांना घरी आणलं, अर्थात संबंध नसतानाच. डॉक्टर कोकणातून बदली होऊन आले होते. त्यांनी कुत्र्याच्या पापण्या वर करून पाहिल्या, म्हातारा आहे म्हणाले. रविवारपर्यंत खाल्लं नाही तर सोमवारी सकाळी घेऊन या, सुई देऊन टाकू, उगाच हाल नकोत. आई पदर तोंडाला लावून आत गेली. बाबांनी विचारलं, दुसरं काहीच नाही का? तेव्हा डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे असं जनावर समुद्रकाठी नेतात, वाऱ्यानं हुशारतं कधी कधी.

"नागपूरले समुद्र कुठून आणू?" बाबा रात्रभर पुटपुटत होते. रविवारी उजाडायच्या आत त्यांनी दारात टांगा उभा केला. कन्हान नदीला उन्हाळ्यातही धार असते आणि वाळू तर विचारूच नका. समुद्राच्या जवळात जवळ जाणारं आमच्याकडे तेवढंच होतं.

टांगेवाला अडून बसला. "कुत्रा असन त मी नाही नेत. घोडा बिचकते."

"कुत्रा नाही, पेशंट आहे," असं म्हणत बाबांनी त्याला आईच्या चादरीत डोक्यासकट गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. गळ्यातल्या पट्ट्याला आईनं कांदा बांधला. कामठीत एका म्हाताऱ्यानं चादरीकडे पाहून हात जोडले. तेवढ्यात चादरीतून जांभई आली आणि म्हातारा दोन पावलं मागे सरकला.

नदीच्या पात्रात एका म्हाताऱ्या बाईची वाडी होती. वाळूत वेल पसरलेले, त्यांना डांगरं, म्हणजे खरबुजं, लागलेली आणि कडेला पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा मांडव. तिनं आम्हाला सावलीत बसू दिलं. बाबांनी कुत्र्याला ओल्या वाळूवर ठेवलं आणि म्हणाले, "घे. हा तुहा समुद्र."

मग त्यांनी आम्हा दोघींना डांगर निवडायला पाठवलं. घाई जरा जास्तच होती. आम्ही मागे वळून पाहिलं तर बाबा पिशवीतून काशाची वाटी काढून कुत्र्याचा पाय घासत होते. आईनं कमरेवर हात ठेवले.

"हे काहून? अन् ही वाटी कुठली? माही त माह्या पिशवीत आहे!"

बोलून गेली आणि मग जीभ चावली. सगळं बाहेर आलं. बाबा शेजाऱ्यांची वाटी मागून आणून रोज पहाटे, आम्ही उठायच्या आधी घासत होते. आई दुपारी, ते कचेरीत असताना. मी मान खाली घालून सांगितलं, "मी संध्याकाळी. नुसत्या पितळी वाटीनं." तुपाचा डबा का उतरतो म्हणून बाबा आठवडाभर शेजारच्या मांजरीला शिव्या देत होते. त्या बिचारीचा फुकट बळी गेला होता.

आम्ही एकमेकांवर ओरडत असताना कुत्र्यानं घासलेला पाय तोंडाशी घेतला आणि शांतपणे, बोटाबोटांमधून, चाटून लख्ख केला. मग दुसरा पुढे केला. वाडीवाली बाई पोट धरून हसायला लागली.

"अवं बाई, याचं ऊन कवाच उतरलं! दिसातून तीनदा तूप चाटून राहिला, त्याले भूक कुठून लागन? पोट जाईन नाही त काय होईन?"

तिनं त्याचे चारही पाय वाळूनं घासून धुतले आणि आम्हाला दोन्ही वाट्या उलट्या ठेवायला लावल्या. मग दिवसभर काहीच झालं नाही. आई मांडवात लवंडली. वारा तापला, वेलींची पानं मलूल झाली. बाबा नदी बघत बसले, असं त्यांचं म्हणणं. नदी डावीकडे होती, कुत्रा उजवीकडे, आणि ते उजवीकडे बघत होते. सोमवार सकाळ आमच्या तिघांच्याही डोक्यात होती आणि तिघंही डांगर किती गोड आहे यावर बोलत होतो.

उन्हं कलली तेव्हा कुत्रा उठला. लटपटत आमच्या शिदोरीपाशी आला, एक पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली, डांगराची फोड सालासकट खाल्ली. मग दूर पुलावरून एक सायकल जाताना दिसली, तिच्यावर भुंकला.

"आवाज बसला याचा," बाबा म्हणाले. त्यांचाही बसला होता.

सोमवारी पहाटे मला जाग आली ती घासण्याच्या आवाजानं. बाबा ओट्यावर बसले होते, कुत्रा उताणा पडून चारही पाय त्यांच्या पुढ्यात करून डोळे मिटून होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी वाटी माझ्यासमोर धरली.

"पाहून घे. तूप नाही लावलं."

आणि ते पुन्हा कोरडीच वाटी घासायला लागले.