छावणीतली मोटार विकणे आहे

गिऱ्हाईक पळवून लावण्याची विद्या कुठं शिकवत असतील, तर तिथं मुख्य गुरुजी म्हणून माझ्या बायकोच्या मामांना नेमायला काहीच हरकत नाही. छावणीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या या माणसानं बारा वर्षं एक मोटार विकायला काढली होती आणि बारा वर्षं ती कुणालाही विकली नव्हती. 'मोटार विकणे आहे' अशी स्वतःच्या हातानं रंगवलेली सुबक पाटीसुद्धा होती, फक्त ती शेडच्या आतल्या भिंतीला लावलेली होती. मी एकदा म्हणालो, मामा, पाटी बाहेर लावा की, रस्त्यावरच्या लोकांना दिसेल. तर शांतपणे म्हणाले, "रस्त्यावरच्या लोकांना कुठं विकायचीय?" कप्पाळ!

मोटार मात्र होती बघण्यासारखी. अस्सल अमेरिकन, जुन्या जमान्यातली, गडद निळी, आत लोण्यासारख्या मऊ चामड्याच्या गाद्या. लांबी इतकी, की पुढचे दिवे वळणावरून दिसेनासे झाले तरी मागचे दिवे अजून घरापाशीच आहेत असं वाटावं. तिच्या नाकावर कंपनीचं नाव ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, पण मामांनी ते कधी उच्चारलं नाही. वडीलधाऱ्यांचं नाव तोंडानं घेऊ नये, हा नियम त्यांनी मोटारीलाही लावला होता. चुकून कुणी 'गाडी' म्हणालं तर ते तिथंच थांबवायचे. गाडी बैलाची असते, ही मोटार आहे. हॉर्न वाजवायचा नाही, कारण मोठ्या घरचं माणूस रस्त्यात ओरडत नाही. पुसायला बाजारचं फडकं चालायचं नाही, मामींच्या वापरून मऊ झालेल्या सुती साड्याच लागायच्या. नवी साडी नेसून आरशासमोर उभं राहिलं, की मागून मामांचे डोळे सुताचा अंदाज घेत असतात, अशी मामींची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती.

या मोटारीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. म्हणजे पुढं ट्रक असला, की त्याच्या पलीकडचं मामांना काही म्हणजे काही दिसायचं नाही. त्यामुळं उजव्या सीटवर मामी. मामींनी मान बाहेर काढून "या" म्हणायचं, मग मामा पुढं जायचे. "थांबा" म्हटलं की थांबायचे. चाळीस वर्षं या दोन शब्दांवर तो संसार आणि ती मोटार चालली. एकदा शेंद्र्याला लग्नाला निघालो होतो, मी मागं. घरातून निघतानाच दोघांचं कशावरून तरी बिनसलेलं, मामींनी अबोला धरलेला. चिकलठाण्याच्या पुढं उसाची ट्रॉली आडवी आली. मामांनी विचारलं, येऊ का? मामी गप्प. पुन्हा विचारलं. मामी उसाकडं बघत बसल्या. मी मागून म्हणालो, मामा, रस्ता मोकळा आहे, या. तर म्हणाले, "जावई, तुमच्या शब्दावर नाय जाता येत." झालं! बैलाच्या चालीनं उसामागून आम्ही शेंद्र्याला पोचलो, तेव्हा नवरानवरी जेवायला बसली होती.

असं सगळं मजेत चाललेलं असताना यंदा घरमालकानं जागा रिकामी करायला सांगितली. जूनच्या आत निघायचं. मुलाचा फ्लॅट चिकलठाण्याला, तिथं जायचं नक्की झालं, पण फ्लॅटला मिळालेल्या पार्किंगमध्ये या मोटारीचं निम्मं अंगसुद्धा मावेना. म्हणजे आता खरोखरच विकायची होती, नाहीतर उघड्यावर उन्हापावसात सडू द्यायची. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, एकेक नट हातानं आवळून त्यांनी ही मोटार जिवंत ठेवली होती. ती वाईट हाती पडेल या धास्तीनं त्यांना घास जाईना. गिऱ्हाइकं आणायचं काम माझ्याकडं आलं. मीही पेटलो.

एक हॉटेलवाले आले. त्यांना ती स्वागतकक्षात कुंड्यांच्या मधोमध ठेवायची होती. मामा म्हणाले, नाही. एक बिल्डर आले, त्यांना पांढरा रंग मारून वरातीला द्यायची होती. त्यांना तर बसासुद्धा म्हटलं नाही. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण जुन्या मोटारींचे शौकीन, इंजिनाकडं पाहून डोळ्यांत पाणी आणणारे असे दोघे-तिघे लांबून आले, त्यांनाही मामा चहा पाजून परत पाठवायचे. कारण विचारलं तर, "माणूस बराय. पण नको." मामी दर वेळी ट्रेमधून चहा आणायच्या आणि त्यात एक कप हमखास जास्त असायचा. मामींचा हिशोब कच्चा आहे असं समजून तो जास्तीचा कप दर वेळी मीच रिचवायचो. वाया कशाला घालवायचा?

मे महिना उजाडला आणि मला माणूस सापडला. शेंद्र्याला स्वतःचा छोटा कारखाना, वय पन्नाशीचं, बोलणं मऊ. शेडच्या दारात त्यांनी आपणहून चपला काढल्या. बॉनेटला तळवा न लावता बोटांची मागची बाजू टेकवली. मोटारीला 'ही' म्हणाले. मामांचा चेहरा उजळला, मामींनी आतून साखर आणली. मी मनात पेढे वाटून मोकळा झालो. चहा आला. तेवढ्यात मामांनी सहज विचारावं तसं विचारलं, "सोबत कोण आलंय तुमच्या?"

"कुणी नाही, एकटाच आलोय," ते म्हणाले.

मामांनी कप खाली ठेवला. "माफ करा, मोटार द्यायची नाय," म्हणाले आणि उठून आत गेले. पाहुणे बिचारे बघतच राहिले. त्यांना निरोप देऊन मी आत आलो तो तणतणतच. चांगल्या माणसाचा अपमान करता, माझी शोभा करता, सडू द्या मग ती तुमची मोटार, असं मी वाट्टेल ते बोललो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीतून फाटकाकडं बोट केलं. पाहुणे अजून शेडपाशी मोटार बघत रेंगाळले होते आणि फाटकाबाहेर त्यांच्या कारचा दरवाजा उघडून एक ड्रायव्हर उभा होता. दोन तास तो उन्हात होता. येताना त्याला मीच सांगितलं होतं, तू इथंच थांब.

"माझा बाप ड्रायव्हर होता," मामा म्हणाले. "हीच मोटार चालवायचा."

मोटार एका जहागीरदारांची होती, हे मला ठाऊक होतं. देश सोडून जाताना त्यांनी ती मामांच्या वडिलांना देऊन टाकली, हेही ठाऊक होतं. त्या दिवशी उरलेलं कळलं. वडील मालकांना घेऊन कुठंकुठं दावतींना जायचे. यजमान विचारायचे, किती मंडळी आलात? मालक सांगायचे, मी एकटाच. दुपारचं ताट आत वाढलं जायचं आणि वडील मोटारीपाशी उभे. घरी येऊन ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे आणि पोरं हसायची. "मालक वाईट नव्हते हो," मामा म्हणाले. "वाईट असते तर मोटार कशाला दिली असती? त्यांच्या ध्यानातच यायचं नाय." मग मामांनी मामींकडं बघितलं, आणि मामींनी मला त्या जास्तीच्या कपाचं सांगितलं. ड्रायव्हरला त्या आधीच मागच्या दारानं चहापाणी द्यायच्या. ट्रेमधला कप होता तो, पाहुणा विचारतो का बघायला, की हा कप कुणाचा, माझा माणूस बाहेर आहे, त्याला न्यावा का. बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आणि यंदा तो कप दर वेळी मी पीत होतो, तोही आवाज करून. मला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी जेवायला न थांबता मी घरी आलो.

दोन दिवसांनी मी शेंद्र्याला गेलो आणि कारखानदारांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, माझ्या चहासकट.  ते म्हणाले, माझा ड्रायव्हर कचरू माझ्याकडं दहा वर्षं आहे, त्याला मुलं किती हे मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. कचरूभाऊ एकटेच आले. म्हणाले, साहेबांनी सांगितलंय, मोटार तुलाच चालवायची आहे, तू बघ आणि मामा तुला बघतील. मामांनी त्यांना आठवडाभर शिकवलं. कार्बुरेटरची कुरबुर, सकाळचा चोक, चढावर कधी गिअर बदलायचा, सगळं. रोज दुपारी दोघं एका पंगतीला जेवायचे. आठव्या दिवशी मामांनी होकार कळवला. अट एकच घातली, मालकांनी पुढं उजवीकडं बसायचं आणि कचरूभाऊंना रस्ता सांगायचा. मालक हसले आणि कबूल झाले. चावी मात्र मामांनी मालकांच्या हातात दिली नाही, कचरूभाऊंच्या दिली.

मोटार वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मामा रडले. मीही रडलो, आता कशाला लपवा.

आता मामा चिकलठाण्याला चौथ्या मजल्यावर असतात. मुलगा-सून सकाळीच कामावर जातात, मामी टीव्ही लावून बसतात. दर रविवारी मामा कचरूभाऊंना फोन लावतात. मला वाटायचं, मोटारीची चौकशी करत असतील. एकदा शेजारी बसलो होतो तेव्हा कळलं, विचारायचे एवढंच, "जेवलास का, बाबा?" उत्तर आलं की फोन ठेवायचे.

गेल्या रविवारी आम्ही तिथंच होतो. मामांच्या आधी तिकडूनच फोन आला. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं. कचरूभाऊ विचारत होते, "मामा, तुमी जेवलात का?"

मामांचं जेवण होऊन तास झाला होता.  पण त्यांनी फोन मामींच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभे राहिले. मामींनी सांगितलं, हो, जेवले, आज दोन भाकरी खाल्ल्या.