पाकीट खरं, माल खोटा

नाचणीच्या सत्वाचं ते हिरवं पाकीट एका बापाने माझ्यासमोर आपटलं, ती सकाळ मी विसरलेली नाही. निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली. पुष्कळ गुन्हे डोक्यातून गेले. मारामाऱ्या तर सगळ्या एकसारख्याच वाटतात. हा गुन्हा मात्र राहिला. नावं मी कुणाचीच देणार नाही. ज्याला शिक्षा व्हायची त्याला झाली, आणि बाकीच्यांना पुन्हा कागदावर आणायचं कारण नाही.

मी प्राथमिक शाळेच्या पुढे शिकले नाही. सिल्वासात मी भरती झाले तेव्हा तेवढ्या शिक्षणावर बायकांना घेत. शिपाई म्हणून लागले, सहायक उपनिरीक्षक म्हणून बाहेर पडले. ठाण्यात सगळे मला जमादारबाई म्हणत. इंग्रजी कागद आला की मी तो रायटरकडे, म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या हवालदाराकडे, सरकवायचे. त्याची लाज कधी वाटली नाही. आमच्याकडे जबाब मराठी, हिंदी आणि गुजरातीत होतात, आणि खोटं तिन्ही भाषांत सारखंच ऐकू येतं.

त्या दिवशी हजेरी संपून बीटवाले बाहेर पडले होते. वापीच्या एका कारखान्यात फिटर असलेला, मूळचा धुळ्याकडचा माणूस आत आला. त्याच्या नऊ महिन्यांच्या मुलीला ते सत्व दिल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले होते. दोन दिवस तिला सलाईनवर ठेवावं लागलं. दवाखान्याचे कागद त्याने सोबत आणले होते.

"ऑनलाइन मागवलं, मॅडम. पाकिटावर एका बाईचं नाव, मागे पत्ता सिल्वासाचा आहे. त्या बाईला आत टाका."

"मुलगी कशी आहे?"

"आता बरी आहे. पण बायको माझ्याशी बोलत नाही. मागवलं मीच ना."

"आधी बस. आत कुणाला टाकायचं ते कागद झाल्यावर बघू."

स्टेशन डायरीत नोंद केली. दोन पंच बोलावून पाकीट सील केलं, उरलेल्या पिठाचा नमुना अन्न विभागाकडे पाठवला. साहेब म्हणाले, "जमादारबाई, लहान मुलाचा मामला आहे. त्या बाईचा जबाब तुम्ही घ्या. हात दिसला तर अटक."

पाकिटावर त्या बाईचंच नाव छापलेलं होतं. नावाखाली नाचणीचं कणीस. बाई पन्नाशीच्या, माहेर-सासर दोन्ही रायगडकडचं. नवऱ्याच्या शाळेतल्या नोकरीमुळे इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. खानवेलहून नाचणी आणायच्या, तिकडच्याच चार बायका बसने कामाला यायच्या. सत्व आधी ओळखीत विकलं, मग दुकानांत आणि शेवटी ऑनलाइन.

मी पाकीट पुढे केलं. "हे तुमचं?"

"पाकीट माझं आहे. आतला माल माझा नाही."

सिल्वासात नोकरी केलेल्या कुठल्याही पोलिसाने हे वाक्य ऐकलेलं असतं. शेजारी गुजरात, तिकडे दारूबंदी. नाक्यावर टेम्पो धरला की चालक हेच म्हणतो, टेम्पो माझा, आतल्या पेट्या माझ्या नाहीत. त्यामुळे मला बाईंचा संशयच आला, आणि तो मी लपवला नाही.

"असं सगळेच म्हणतात, बाई."

सील करण्याआधी वेगळी काढून ठेवलेली पिठाची चिमूट त्यांनी बोटांत चोळली. "हे नुसतं दळलेलं पीठ आहे, मॅडम. सत्व असं नसतं. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका वाळवायचा. रंग पांढुरका येतो. बोटांत धरलं की करकरतं. हे बघा, करकरतंय का?"

करकरत नव्हतं. पण मी म्हटलं, "तुमची बोटं कोर्टात चालत नाहीत."

"मला अटक करणार का?"

"आज नाही."

"केलीत तर त्या चार बायका दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर रोजंदारीला उभ्या राहतील. आणि माझं नाव घेऊन कुणी पाणीसुद्धा पिणार नाही."

त्यांच्या घरामागच्या खोल्यांची झडती घेतली. पातेली, फडकी, चाळण्या, सुकत घातलेलं सत्व. पीठ कुठेच नव्हतं. पण पीठ दुसरीकडेही ठेवता येतं.

ऑनलाइन विक्री कशी चालते हे मला रायटरने समजावलं. तो चाळिशीचा गडी, बूट, बेल्ट, कुकरसुद्धा फोनवरच मागवायचा. त्याने बाईंच्या सत्वाचं पान उघडून दाखवलं.

"बघा जमादारबाई. पान एक, फोटो बाईंचा, नाव बाईंचं. पण खाली विकणारे तीन. ज्याचा भाव कमी, ऑर्डर त्याला जाते. गिऱ्हाईकाला वाटतं बाईंकडूनच घेतलं."

"म्हणजे बाजारात माझ्या पाटीखाली कुणीही टोपली घेऊन बसायचं?"

"तसंच समजा."

"आणि बाजारवाला काही म्हणत नाही?"

ते बाईंनी सांगितलं. त्यांनी दोनदा ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीला कळवलं होतं की बाकीचे दोघे माझा माल विकत नाहीत. उत्तर आलं, तुमच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी दाखवा. ती त्यांनी केलेलीच नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "माझंच नाव आहे, मॅडम. माझ्या बारशाला ठेवलेलं. ते कोण नेणार?"

"नेलं की."

मला त्यांची दया आली नाही, राग आला. शहाणी बाई, तिन्ही भाषांत हिशेबी बोलणारी, आणि एवढं साधं काम टाळलं.

आम्ही तिन्ही विक्रेत्यांकडून एकेक पाकीट मागवलं आणि पार्सलं पंचांसमोर उघडली. बाईंचं पाकीट आलं त्यात सत्व होतं. बाकी दोन पाकिटांत तेच तपकिरी पीठ. ती दोन्ही एकाच माणसाची दुकानं असावीत, कारण पार्सलावरची चिकटपट्टीही एकच होती. पाठवणाऱ्याचा पत्ता वापीतल्या एका फ्लॅटचा. तिथे गेलो तर कुलूप, आणि शेजाऱ्यांनी आत कुणाला कधी पाहिलेलं नव्हतं.

अन्न विभागाचा अहवाल आला. निम्मी नाचणी, तीही बुरशी लागलेली, बाकी मैदा आणि रंग. साहेब म्हणाले, "पाकीट हुबेहूब बाईचं आहे. छपाई तिच्याच नेहमीच्या छापखान्याची, नाव तिचं. कमी भावात खराब माल तीच दुसऱ्या नावाने विकत नसेल कशावरून?" प्रश्न बरोबर होता. त्यांनी मला आठवड्याची मुदत दिली.

मग मी त्या चार बायकांचे जबाब घेतले. पहिल्या तिघी घाबरून एकच बोलल्या, बाई चांगल्या आहेत. चौथी वयाने मोठी, पाड्यावरची वारली बाई. ती काही बोलेना. मी कागद बाजूला ठेवला, चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर ती सहज म्हणाली, "त्या पाकिटाचा काय एवढा शोध घेताय? आमचे पाड्यात गोठ्यावर आहे की."

"काय आहे?"

"हेच. लांबच लांब. पाऊस आत येत नाही."

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. सिल्वासाच्या आसपास प्लॅस्टिकचे आणि छपाईचे कारखाने पुष्कळ. त्यांची बिघडलेली छापील प्लॅस्टिक भंगारात जाते आणि गावांतले लोक ती वजनावर विकत घेतात. लाकडाच्या ढिगावर, गोठ्यावर, न्हाणीच्या आडोशाला तीच असते. चिवड्याची, साबणाची, गुटख्याची पाकिटं कापण्याआधीच्या सलग पट्ट्यांत. आम्ही सगळे ती रोज बघतो, म्हणून कुणालाच ती दिसत नाही. माझ्या स्वतःच्या घरामागची लाकडं बिस्किटांच्या पाकिटांखाली होती.

"हे तुझ्या बाईंना सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि फेकलेलंच ना ते."

दुसऱ्या दिवशी खानवेलला गेले. गोठ्याच्या छतावर बाईंचं नाव आणि कणीस, ओळीने चाळीसेक वेळा. मी शिडी लावून जवळून पाहिलं. हिरवा रंग किंचित सरकलेला, त्यामुळे प्रत्येक कणसाला दुहेरी कड आली होती. म्हणून तो रोल बाद झाला होता. मला सील केलेलं पाकीट आठवलं. ठाण्यात परत येऊन उन्हात धरलं. त्याच्याही कणसाला दुहेरी कड. पार्सलातून आलेल्या दोन्ही खोट्या पाकिटांना तशीच. बाईंच्या स्वतःच्या पाकिटाची कड स्वच्छ.

तिथून बाईंवरचा माझा संशय गेला. स्वतःच्या घरी चांगली पाकिटं असताना कुणी बाद झालेली भरणार नाही.

गोठ्यावाल्याने ज्या भंगारवाल्याचं दुकान सांगितलं तो म्हातारा गुजराती माणूस, मला पंचवीस वर्षं ओळखणारा. तो जराही दचकला नाही.

"बेन, ए तो भंगार छे. कारखाना देतो, मी घेतो. यात चोरी कसली?"

"सगळं गोठ्यांवरच जातं?"

"फाटकं-तुटकं गोठ्यावर. चांगले रोल किलवणीवाला नेतो. तो तर निवडून घेतो, भाजीवाल्याकडे वांगी निवडतात तसा."

किलवणी हे जवळचंच गाव, आणि किलवणीवाला म्हणजे तिथला एक किराणा दुकानदार. अन्न विभागाच्या अधिकाऱ्याला आणि पंचांना घेऊन आम्ही भरदुपारी गेलो. मागच्या गोदामात पाकिटं चिकटवायचं यंत्र, मैद्याच्या गोण्या, तपकिरी पीठ, आणि बाईंच्याच नव्हे तर आणखी पाचसहा जणांच्या नावांचे रोल. वापीतल्या फ्लॅटची किल्ली त्याच्या गल्ल्यात सापडली.

माणूस हुशार होता. ठाण्यात येताना वकिलाला फोन करून आला. अशा माणसाला गुन्ह्याबद्दल विचारलं की तो जपून बोलतो. धंद्याबद्दल विचारलं की त्याला राहवत नाही. मी वहीसुद्धा उघडली नाही.

"शेठ, दुकान छान चालवता. ऑनलाइनचं मला काही कळत नाही. सांगा जरा."

"सोपं आहे, मॅडम. नवीन नावाला कोण विचारतो? चालतं नाव पकडायचं."

"पण लोक ओळखतील की पाकीट नकली आहे."

त्याला ते लागलं. "नकली? मॅडम, नकली छापणारे वेगळे. त्यांचा रंग बघा, कागद बघा, लगेच कळतं. आपलं पाकीट ओरिजिनल असतं. त्याच छापखान्याचं. कंपनीवालासुद्धा ओळखणार नाही."

"आणि आतला माल?"

तो थांबला. दारात रायटर उभा होता, कानावर पेन ठेवून. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही तर म्हणालात, कळत नाही."

"ऑनलाइनचं कळत नाही. तुझं कळतं. नऊ महिन्यांची मुलगी दोन दिवस सलाईनवर होती. आता वकील येऊ दे."

पोलिसासमोर बोललेलं कोर्टात पुरावा होत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी त्याच्या बोलण्यावर विसंबले नाही. पण कुठे बघायचं ते त्याने सांगितलं होतं. प्रत्येक रोलची सरकलेली कड पाकिटांच्या कडेशी जुळवून पंचनामा केला. भंगारवाल्याने साक्ष दिली. फसवणूक आणि भेसळ, दोन्ही कलमं टिकली. ट्रेडमार्कचं कलम मात्र लागलं नाही, कारण नोंदणीच नव्हती.

छापखान्याच्या मॅनेजरलाही बोलावलं होतं. त्याने शांतपणे ऑर्डरचा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, बिघडलेली छपाई कारखान्याने ठेवावी, त्याबदल्यात दर कमी. खाली बाईंची सही.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "मला वाटलं, खराब माल घरी आणून करायचं काय? मी उलट खूश झाले होते, मॅडम."

"सत्वाची कृती कुणाला सांगता का?"

"छे. शेजारणीलासुद्धा नाही."

"मग नाव कसं किलोने दिलंत?"

पुढच्या महिन्यात बाईंनी नोंदणीचा अर्ज केला, आणि छपाईच्या दिवशी स्वतः कारखान्यात जाऊन उभ्या राहायला लागल्या. बाद रोल यंत्रात घालून त्याचे तुकडे होईपर्यंत हलायच्या नाहीत. मॅनेजर माझ्याकडे कुरकुर करत आला तेव्हा मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

आरोपपत्राआधी त्या मुलीच्या बापाचा पुरवणी जबाब घ्यायचा होता. तो आला तेव्हा बाईही ठाण्यात होत्या. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. गोठा, भंगार, किलवणी. त्याने नीट ऐकलं आणि बाईंपुढे हात जोडले. "ताई, मी तुमच्याबद्दल वाईट बोललो. माफ करा."

बाईंनी पिशवीतून पाकीट काढून त्याच्यापुढे धरलं. "हे माझ्या हातचं आहे. मुलीसाठी घेऊन जा."

त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नको, ताई. बायको घरात घेणार नाही." आणि सही करून निघून गेला.

बाईंनी पाकीट परत पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "मॅडम, मी सुटले ना?"

"गुन्ह्यातून सुटलात," मी म्हटलं.

आरोपी पकडला, शिक्षा झाली, साहेबांनी माझं नाव बक्षिसाला पाठवलं. मी माझं काम चोख केलं आणि आजही त्यात मला खोट दिसत नाही. पण पोलीस चोरीचा माल परत देऊ शकतात, गेलेलं नाव परत देऊ शकत नाहीत. ज्याच्या घरात ते एकदा बिघडलं, तिथे ते बिघडलेलंच राहतं. म्हणून सिल्वासात कुणी बाई नवं लोणचं-पापड काढून माझ्याकडे चव बघायला आणते, तेव्हा मी चव नंतर बघते. आधी विचारते, नोंदणी केलीस का आणि बाद झालेली पाकिटं कुठे जातात. काही जणींना राग येतो. येऊ दे.