सगळी दारं बदामी

माझ्या थोरल्या लेकाला मुलगी पसंत पडली होती. आता तिच्याकडची माणसं औशाहून आमचं घर बघायला येणार होती, म्हणून आतली दारं रंगवायची ठरली. रंग कोणता घ्यायचा, असं थोरल्याने मला विचारलं. या घरात मला असं कोणी विचारत नाही. मी लाजले, पण लगेच म्हणाले, सगळी बदामी करू, एकसारखी.

मधल्या खोलीत ओळीने तीन दारं आहेत. बैठकीचं आणि स्वयंपाकघराचं निळं होतं, संडासाचं हिरवं. हे घर बांधलं तेव्हा गावाकडं अजून बैल होते. पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला रंग सासऱ्यांनी लातूरला आणून त्या दाराला फासला होता. कोणी आलं की मला त्या हिरव्या दाराची लाज वाटायची.

थोरल्याने पॉलिश पेपरने दारं घासली, भेगांत लांबी भरली. रंग मी दिला. दोन हात देऊनही खालचा हिरवा डोकावत होता, म्हणून तिसरा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारांसमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांना डोळ्यांनी अंधुक दिसतं. मला वाटलं, नवा रंग बघून राहिल्या. मी मनात खूश झाले आणि भाकरी थापायला बसले.

पाहुणे आले. बैठकीत चहा चालला होता आणि आतून दार ढकलून आत्याबाई आल्या, लुगडं घोट्यावर उचलून धरलेलं. पाहुण्यांतले एक आजोबा म्हणाले, “या आजी, तुम्हीबी बघून घ्या आम्हाला.” सगळे हसले. मीही तोंडाला पदर लावून हसले. आत्याबाई माघारी फिरल्या.

लग्न ठरलं. घरात आनंद होता, आणि आत्याबाई चहा नको म्हणायला लागल्या. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याखाली बसवत नव्हतं, तरी त्यांचा पाण्याचा पेला भरलेलाच राहायचा. मग एकदा मी त्यांना ते पाणी तुळशीत ओतताना पाहिलं. ओठ सुकून भेगाळले होते. मी हात धरून खाली बसवलं आणि विचारलं.

“पाणी पिलं की जावं लागतं, बाई,” त्या म्हणाल्या. “अन् जायचं कुण्या दारानं, ते कळंना गेलंय.”

मी म्हणाले, मला हाक मारायची ना. त्यावर त्या हळूच म्हणाल्या, “तुला किती बार हाक मारू? उद्या नवी सून येईल. तिला बी मारू का?”

तेव्हा मला कळलं की त्या सकाळी त्या रंग बघत नव्हत्या, दार शोधत होत्या. इतकी वर्षं त्या हिरव्याकडं बघून एकट्या जात होत्या आणि मी एका घरात राहून ते पाहिलं नव्हतं. वर त्या चुकून बैठकीत आल्या तेव्हा हसलेही होते. त्या हसण्यातला माझा आवाज त्यांनी ओळखला असेल का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मी हिरव्या रंगाचा लहान डबा आणला आणि ब्रश घेऊन संडासाच्या दाराशी बसले. थोरला वैतागला. सगळं घर एका रंगाचं झालं होतं, लग्नाला माणसं येतील, हसतील, म्हणाला.

“हसू दे,” मी म्हणाले. त्याच्याशी मी असं कधी बोलले नव्हते.

रंग वाळल्यावर आत्याबाई उठल्या, भिंतीला हात न लावता सरळ त्या दाराशी गेल्या आणि कडी काढली. मग परत आल्या. खाली बसल्या, पेला उचलला आणि थोडं पाणी पिऊन खाली ठेवला.

अजून त्या अर्धाच पेला पितात. मी येता-जाता त्यात किती उरलंय ते बघत असते.